‘आय सॉ हिम क्रॉसिंग’ आणि ‘आय सॉ दॅट ही वॉज क्रॉसिंग’ यात फरक काय?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलीच्या बारावीच्या क्लासमध्ये ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ हे सिंपल वाक्य कॉम्प्लेक्स करायला दिलं, उत्तर म्हणून ‘आय सॉ दॅट ही वॉज क्रॉसिंग द रोड’ लिहून घेतलं, मग दोन्हीचा अर्थ एकच समजायचा का, पहिल्या वाक्यातल्या ‘हिम क्रॉसिंग’ला नेमकं म्हणायचं काय, तिथे नुसतं ‘क्रॉस’पण चालतं ते कसं, आणि पॅसिव्ह केलं की मधेच ‘टू’ कुठून उगवतो. एकात चार प्रश्न आहेत पण चारही एकाच मुळाशी जातात, त्यामुळे सगळं एकत्रच लिहितो, जरा लांबेल.

आधी उत्तर सांगून टाकतो. अर्थ एकच नाही. पेपरात मार्क मिळतील, ते मिळू देत, पण मुलीला एवढं नक्की सांगा की एक वाक्य ‘मी काय घडताना पाहिलं’ ते सांगतं आणि दुसरं ‘मला काय कळलं’ ते सांगतं. बाकी सगळे नियम, म्हणजे ‘हिम’ का ‘ही’, टेन्स लावायचा का नाही, ‘नॉट’ कुठे बसतं, ‘नो’ (माहीत असणे) यासारखी क्रियापदं का चालत नाहीत, हे सगळं या एका फरकातून आपोआप निघतं, पाठ करावं लागत नाही.

‘सी’, ‘हिअर’, ‘फील’ ही क्रियापदं इंग्रजीत दोन कामं करतात. एक म्हणजे डोळ्याला, कानाला, अंगाला प्रत्यक्ष काहीतरी जाणवलं. दुसरं म्हणजे त्या जाणवण्यावरून, किंवा भलत्याच कुठल्या मार्गाने, डोक्यात एक माहिती पोचली. पहिल्या कामाला ‘हिम क्रॉस’ किंवा ‘हिम क्रॉसिंग’ अशी रचना आणि दुसऱ्याला ‘दॅट’वालं नाऊन क्लॉज, म्हणजे नामाचं काम करणारं उपवाक्य. आता पावसाचं बघा. रात्री झोपला होतात, सकाळी दार उघडलं तर अंगण ओलं, पत्र्यावरून पागोळ्या गळतायत. इथे ‘आय सॉ दॅट इट हॅड रेन्ड’ अगदी बरोबर आहे, पण ‘आय सॉ इट रेन’ म्हणालात तर ते खोटं आहे, कारण पाऊस पडला तेव्हा तुम्ही घोरत होता. पाऊस पाहिला नाही, पाऊस पडून गेलाय हे पाहिलं. मराठीत आपण याला ‘पाऊस पडून गेलाय हे दिसलं’ किंवा ‘लक्षात आलं’ असं म्हणतो, आणि ‘लक्षात आलं’ बसत असेल तर तिथे इंग्रजीत ‘दॅट’ येणार, हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी हिशोब आहे.

उलटं पण होतं, म्हणजे घटना पाहिली पण माहिती पोचलीच नाही. समजा रात्री कंपाउंडवरून एक हेल्मेटवाला माणूस उडी मारताना तुम्ही पाहिला, कोण ते कळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तो शेजारचा सुनील होता, किल्ली विसरला म्हणून भिंतीवरून आला. आता ‘आय सॉ सुनील जंप ओव्हर द वॉल’ हे वाक्य खरं आहे, पाहिलंत तुम्ही सुनीललाच. पण ‘आय सॉ दॅट सुनील जंप्ड ओव्हर द वॉल’ हे खरं नाही, कारण तो सुनील आहे हे तुम्हाला त्या क्षणी दिसलंच नव्हतं. पहिली रचना डोळ्यासमोर काय होतं एवढंच बघते, बघणाऱ्याला ते ओळखू आलं का नाही याच्याशी तिला घेणंदेणं नाही. जॉन बारवाइज नावाच्या अमेरिकन लॉजिशियनने १९८१ मध्ये याच ‘टू’ नसलेल्या इन्फिनिटिव्हवर, म्हणजे ‘जंप’सारख्या क्रियापदाच्या मूळ रूपावर लिहिलं होतं आणि त्यातला एक मुख्य मुद्दा हाच होता, की इथे एका नावाच्या जागी त्याच माणसाचं दुसरं नाव टाकलं तरी वाक्य खरंच राहतं. ‘दॅट’ लावलं की ही सूट जाते.

‘हिअर’मध्ये तर फरक इतका ढळढळीत आहे की चूक झाली तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘आय हर्ड हर सिंग’ म्हणजे माझ्या कानाने तिचं गाणं ऐकलं. ‘आय हर्ड दॅट शी सँग’ म्हणजे ती गायली असं कुणीतरी मला सांगितलं, मी तिथे असेन किंवा नसेन. म्हणूनच ‘आय हिअर यू गॉट द जॉब’ असं लोक म्हणतात, तिथे कान काहीच करत नाहीयेत, बातमी पोचली एवढंच. आणि बातमी खोटीही असू शकते. ‘आय हर्ड दॅट ही हॅड रिझाइन्ड, बट ही हॅडन्ट’ हे चालतं. ‘आय सॉ दॅट ही हॅड रिझाइन्ड, बट ही हॅडन्ट’ मात्र चालत नाही, ‘सी दॅट’ खरेपणाची हमी मागतं.

‘फील’ अजून एक पायरी पुढे जातं. ‘आय फेल्ट समवन टच माय शोल्डर’ यात हात खरोखर खांद्यावर पडलाय. ‘आय फेल्ट दॅट समवन वॉज फॉलोइंग मी’ यात मागे कुणी असेलच असं नाही, नुसता संशय आहे, मनात आलं. आणि ‘आय फील दॅट धिस इज राँग’ यात तर अंगाला काहीच लागत नाही, ते सरळ मत आहे. म्हणजे ‘सी’च्या ‘दॅट’मध्ये खात्री, ‘हिअर’च्या ‘दॅट’मध्ये ऐकीव माहिती, ‘फील’च्या ‘दॅट’मध्ये मत. तीन क्रियापदं, तीन वेगळे अर्थ, आणि ‘हिम क्रॉस’, ‘हिम क्रॉसिंग’वाली रचना, जिला शाळेत ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट म्हणतात, ती आली की तिघींचाही अर्थ परत एकच, प्रत्यक्ष जाणवलं.

आता हे मी एवढं घोळवून का सांगतोय, तर शिकवण्याबरोबर मी कोर्टातल्या कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करतो आणि तिथे हा फरक रोज आडवा येतो. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबात ठराविक मराठी असते, ‘आरोपी पळून गेल्याचे मी पाहिले’. हे वाक्य इंग्रजीत कसं न्यायचं? ‘आय सॉ दि अक्यूज्ड रन अवे’ म्हणजे पळतानाच पाहिला. ‘आय सॉ दॅट दि अक्यूज्ड हॅड रन अवे’ म्हणजे मी पोचलो तेव्हा तो तिथे नव्हता, पळालाय हे दिसलं. मराठी ‘पळून गेल्याचे पाहिले’ दोन्ही पोटात घेऊन बसलंय, आणि साक्षीदार काय म्हणाला होता ते जबाब लिहिणाऱ्यालाच माहीत. अशा वेळी मी पुढची वाक्यं बघतो, तो ‘समोरच्या टपरीवर उभा होतो’ म्हणाला असेल तर ‘रन अवे’, ‘आरडाओरडा ऐकून घरातून बाहेर आलो’ म्हणाला असेल तर जरा थांबून विचार, आणि तरीही कळत नसेल तर वकिलांना फोन. मनाने ठरवून टाकत नाही.

कारण कायद्याला इथे फरक पडतो. जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६०, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ५५, हेच सांगतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, म्हणजे दिसण्यासारखी गोष्ट असेल तर ज्याने ती पाहिली त्यानेच सांगायची, ऐकण्यासारखी असेल तर ज्याने ऐकली त्याने, आणि दुसऱ्या कुठल्या इंद्रियाने कळण्यासारखी असेल तर ज्याला ती तशी कळली त्याने. ‘आय हर्ड हिम थ्रेटन हर’ हा प्रत्यक्ष पुरावा. ‘आय हर्ड दॅट ही हॅड थ्रेटन्ड हर’ म्हणजे ऐकीव गोष्ट, समोरचा वकील लगेच उठून उभा राहणार. एका ‘दॅट’ने साक्षीदार प्रत्यक्षदर्शीचा सांगोवांगीवाला होतो.

मराठी माणसाची गडबड इथे का होते तेही सांगतो, कारण चुका कुठून येतात ते कळलं की सुटतात. आपल्याकडे इंग्रजी शिकताना ‘की’ म्हणजे ‘दॅट’ असं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे ‘मी पाहिलं की तो चाललाय’ असं मनात आलं की हात आपोआप ‘दॅट’ लिहितो. बोलताना मराठीत तो ‘की’ प्रत्यक्ष पाहिल्यावरही चालतो ना, ‘मी पाहिलं की त्याने तिला ढकललं’, म्हणजे डोळ्यांनीच पाहिलं. इंग्रजीत मात्र तिथे पहिली पसंती ‘आय सॉ हिम पुश हर’. दुसरी गडबड ‘दिसणे’मुळे. आपण ‘मी त्याला पाहिलं’पेक्षा ‘तो मला दिसला’ जास्त म्हणतो, ‘तो मला रस्ता ओलांडताना दिसला’, आणि यात ‘तो’ कर्ता आहे, मग विद्यार्थी लिहितो ‘आय सॉ ही क्रॉसिंग द रोड’. ही चूक मला दर बॅचमध्ये दिसते आणि ती आळसातून आलेली नसते, ती सरळ मराठीतून आलेली असते. सांगायचं एवढंच की इंग्रजीत ‘सॉ’च्या लगेच पुढचा माणूस हा ‘सॉ’च्या ताब्यात असतो म्हणून ‘हिम’, आणि ‘दॅट’च्या आतला माणूस ‘वॉज’च्या ताब्यात म्हणून ‘ही’. ‘दॅट’ गाळला तरी तसंच, ‘आय सॉ ही वॉज टायर्ड’, कारण ‘वॉज’ तिथे आहेच.

तिसरी गडबड ‘-ताना’ची, आणि ती तुमच्या ‘क्रॉस’ की ‘क्रॉसिंग’ प्रश्नाशी जोडलेली आहे. मराठीत ‘ओलांडताना पाहिलं’ या एकाच रूपाने दोन्ही भागतं, पूर्ण ओलांडलं का अर्धंच ते आपण सांगत बसत नाही. इंग्रजी सांगते. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे इकडच्या फुटपाथपासून तिकडच्या फुटपाथपर्यंत, अख्खी घटना पाहिली. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ म्हणजे मी पाहिलं तेव्हा तो रस्त्याच्या मधे होता, पुढे पोचला का, ते यात नाही. म्हणून ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड, बट देन अ बस केम इन बिट्वीन’ हे बरोबर वाटतं, मधे बस आली, पुढचं दिसलं नाही. पण ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड, बट ही टर्न्ड बॅक हाफवे’ यात वाक्य स्वतःशीच भांडतं, अर्ध्यातून परत फिरला असेल तर त्याने क्रॉस केलाच नाही. ॲक्सिडेंट क्लेमच्या कागदात हे बारकाईने बघावं लागतं, ‘सॉ द ट्रक हिट द स्कूटर’ आणि ‘सॉ द ट्रक ओव्हरटेकिंग’ यात धडक कुणी पाहिली आणि कुणी फक्त त्याच्या आधीचं पाहिलं ते ठरतं.

क्षणात होणाऱ्या क्रियांमध्ये अजून मजा. ‘आय हर्ड हिम कफ’ म्हणजे एकदा खोकला. ‘आय हर्ड हिम कफिंग’ म्हणजे खोकतच होता, एकामागून एक. खोकणं एका झटक्यात संपतं, त्याच्या ‘मधे’ तुम्ही कसे सापडणार, म्हणून इंग्रजी कान ‘-इंग’ ऐकला की ते पुन्हा पुन्हा होतंय असं धरतो. ‘सॉ हिम जंप’ एक उडी, ‘सॉ हिम जंपिंग’ उड्या. ‘हर्ड द डोअर स्लॅम’ एकदा धाडकन, ‘हर्ड द डोअर स्लॅमिंग’ वाऱ्याने आपटतंय. हे मुलांना वर्गात करून दाखवलं, एकदा टेबलावर थाप आणि मग पाच-सहा थापा, की कायमचं लक्षात राहतं. आणि ‘कॅन सी’, ‘कुड हिअर’ असं आलं की पुढे जवळजवळ नेहमी ‘-इंग’च घ्या, ‘आय कॅन सी हिम कमिंग’, कारण ‘कॅन सी’ म्हणजे या घडीला दिसतंय आणि या घडीला चालू असलेलं पूर्ण झालेलं नसतं.

‘क्रॉस’ आणि ‘क्रॉसिंग’ यांचं तिसरं भावंड पास्ट पार्टिसिपल, म्हणजे ‘कॉल्ड’, ‘बीटन’सारखं रूप, त्यावर फार वेळ घालवत नाही. ‘आय हर्ड माय नेम कॉल्ड’, माझं नाव कुणीतरी पुकारलं ते ऐकलं. ‘आय सॉ हिम बीइंग बीटन’ म्हणजे मारत होते तेव्हा पाहिलं, मार चालू होता. ‘बीइंग’ काढलं की घटना एकसंध. विशेषणही येतं, ‘आय हॅव नेव्हर सीन हिम अँग्री’, त्याला मी कधी चिडलेला पाहिला नाही.

आता नाव काय द्यायचं हा प्रश्न. शाळेच्या ग्रामरमध्ये ‘हिम’ला ऑब्जेक्ट आणि ‘क्रॉसिंग’ला ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट म्हणतात आणि पेपरात तेच लिहा. पण खरं सांगायचं तर ही वाटणी मला पूर्ण पटत नाही, आणि न पटणारा मी पहिला नाही. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन, त्याने १९२४ मध्येच मांडलं होतं की ‘आय हर्ड हर सिंग’सारख्या वाक्यात एकट्या ‘हर’ला ऑब्जेक्ट म्हणून चालणार नाही, ‘हर सिंग’ ही जोडी मिळून ऑब्जेक्ट आहे, आणि या जोडीला तो नेक्सस म्हणायचा. पटतं ते का, तर ‘आय हॅव नेव्हर सीन इट रेन लाइक धिस’ घ्या. यातलं ‘इट’ तुम्ही पाहिलंय का? ‘इट’ नावाची वस्तूच नाही, पाहिलाय तो पाऊस पडणं. ‘आय हर्ड दि इंजिन स्टॉप’मध्ये तर इंजिन ऐकू येणं बंद झालं हे ऐकलंय. म्हणजे जे पाहिलं ऐकलं ती घटना, माणूस किंवा वस्तू हा त्या घटनेतला एक भाग. हे समजलं असेल तर ‘ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट’ हे नाव खुशाल वापरा.

ओळखायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे सर्वनाम टाकून बघा, ‘हिम/हर/देम’ बसलं तर ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट, ‘ही/शी/दे’ बसलं तर नाऊन क्लॉज. मग पुढचं क्रियापद बघा, त्याच्यावर ‘वॉज’, ‘हॅड’, ‘-एड’ असं टेन्सचं काही आहे का. नाऊन क्लॉजला स्वतःचा टेन्स असतो, ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंटला नसतो, त्याला वेळ ‘सॉ’कडूनच उसनी मिळते, कारण पाहणं आणि घडणं एकाच वेळी असणार, त्याशिवाय प्रत्यक्ष पाहणार कसं. त्यामुळेच ‘आय सॉ हिम हॅव लेफ्ट’ होऊ शकत नाही. आधीच निघून गेलेला माणूस निघताना कसा दिसेल? तिथे ‘आय सॉ दॅट ही हॅड लेफ्ट’च.

‘नॉट’चंही तेच. ‘आय सॉ दॅट ही डिडन्ट कम’ ठीक, तो आला नाही हे माझ्या लक्षात आलं. ‘आय सॉ हिम नॉट कम’ विचित्र, न येणं डोळ्याला दिसत नाही. ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘ओन’ अशी क्रियापदं घ्या, ‘आय सॉ हिम नो दि आन्सर’ चुकीचं, कारण उत्तर माहीत असणं ही बघण्यासारखी घटना नाही, ती तुम्ही त्याच्या चेहऱ्यावरून किंवा वहीवरून ताडता, म्हणून ‘आय सॉ दॅट ही न्यू दि आन्सर’. ‘देअर’पण तसंच, ‘आय सॉ देअर वॉज अ प्रॉब्लेम’ चालतं, ‘देअर’पुढे नुसतं ‘बी’ टाकून ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट होत नाही. बघा, यातलं एकही वेगळं पाठ करायची गरज नाही, प्रत्येक वेळी एवढंच विचारायचं की ही गोष्ट डोळ्याला घडताना दिसू शकते का.

आणि मग मुलीच्या त्या कॉम्प्लेक्सच्या प्रश्नाचं काय? माझ्या मते अर्थ जपायचा असेल तर ‘आय सॉ हिम ॲज ही वॉज क्रॉसिंग द रोड’ किंवा ‘व्हाइल ही वॉज क्रॉसिंग’ हे चांगलं रूपांतर आहे, सबॉर्डिनेट क्लॉज आलं, वाक्य कॉम्प्लेक्स झालं, आणि ‘हिम’ पाहिलाय हेही राहिलं. फक्त ते ॲडव्हर्ब क्लॉज झालं. प्रश्नात ‘नाऊन क्लॉज वापरा’ असं स्पष्ट असेल तर ‘दॅट’वालं लिहा आणि पुढे चला, परीक्षकाशी वाद घालायला पेपर हे ठिकाण नाही.

आता ‘टू’. ‘आय सॉ हिम एंटर द बँक’, याचं पॅसिव्ह ‘ही वॉज सीन टू एंटर द बँक’. गंमत अशी की ‘टू’ मधेच येतो असं आपल्याला वाटतं, पण इतिहास बघितला तर नसणं हेच जुनं आहे. जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्हला स्वतःचा प्रत्यय असायचा आणि साध्या इन्फिनिटिव्हला ‘टू’ लागायचा नाही, ‘टू’ हे मुळात ‘कडे, साठी’ अशा अर्थाचं प्रिपोझिशन, ते दुसऱ्या एका रूपाबरोबर यायचं आणि पुढे सगळीकडे पसरलं. ‘सी’, ‘हिअर’, ‘मेक’, ‘लेट’ यांच्याकडे ते पोचलं नाही, म्हणजे ही मंडळी जुनी पद्धत धरून आहेत. रेन अँड मार्टिनच्या ग्रामरच्या पुस्तकात ‘बिड, लेट, मेक, नीड, डेअर, सी, हिअर’ अशी यादी आहे, तीच बहुतेकांच्या तोंडात असते. पण पॅसिव्हमध्ये आजची इंग्रजी ‘सीन’, ‘मेड’ यांच्यामागे नुसतं इन्फिनिटिव्ह सहन करत नाही, म्हणून ‘वॉज सीन टू एंटर’, ‘वॉज मेड टू वेट’. ‘-इंग’ असेल तर काहीच बदलत नाही, ‘ही वॉज सीन एंटरिंग द बँक’. आणि कृपा करून शेवटी ‘बाय मी’ चिकटवू नका, क्लासमध्ये शिकवतात, पण पॅसिव्ह करण्याचं कारणच बहुतेकदा कुणी पाहिलं ते सांगायचं नसतं हे असतं.

चूक होते ती उलट्या बाजूने, पॅसिव्हचा ‘टू’ लक्षात राहतो आणि मुलं ॲक्टिव्हमध्येही ‘आय सॉ हिम टू एंटर’ लिहितात. ‘आय वाँट हिम टू एंटर’ बरोबर आहे ना, मग हे का नाही, असंही विचारतात. प्रश्न चांगला आहे. ‘वाँट’मध्ये आत जाणं अजून व्हायचंय, ‘सॉ’मध्ये ते डोळ्यासमोर झालंय. बाय द वे, ‘आय सॉ हिम टू द डोअर’ असं वाक्य दिसलं तर घाबरू नका, ते वेगळंच आहे, दारापर्यंत सोडायला गेलो, तिथला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाही. ‘सी दॅट द डोअर इज लॉक्ड’पण वेगळं, दार लागलंय ना याची काळजी घे.

एक जागा अशी आहे जिथे वरची स्वच्छ वाटणी ढासळते, ती लपवत नाही. ‘टू बी’ आलं की ऑब्जेक्टवाली रचनासुद्धा ‘कळलं’चा अर्थ देते. ‘आय फेल्ट द प्लॅन टू बी अनवाइज’ म्हणजे प्लॅन अंगाला लागला नाही, मला तो चुकीचा वाटला, आणि ‘आय फेल्ट दॅट द प्लॅन वॉज अनवाइज’पेक्षा ते फक्त जास्त कागदी आहे. पॅसिव्हमध्ये ‘ही वॉज सीन टू बी लाइंग’ हेही तसंच, खोटं बोलतोय हे लोकांच्या लक्षात आलं. सरकारी आणि कोर्टाच्या इंग्रजीत हे फार आवडतं, रोजच्या लिखाणात टाळलेलं बरं.

दुहेरी अर्थाच्या जागा पण आहेत. ‘आय सॉ द मॅन क्रॉसिंग द रोड’ यात ‘जो माणूस रस्ता ओलांडत होता त्याला पाहिलं’ असाही अर्थ निघतो, तेव्हा ‘क्रॉसिंग द रोड’ हे माणसाचं विशेषण होतं, ‘हिम’ टाकलं की हा अर्थ मरतो. ‘आय सॉ हर डक’ हे तर भाषाशास्त्राच्या वर्गातलं ठरलेलं उदाहरण, तिचं बदक पाहिलं का ती खाली वाकली ते पाहिलं, ‘हिम’ आणि ‘हिज’ टाकून बघितलं की सुटतं. मला स्वतःला जास्त आवडतं ते ‘आय सॉ यू पुट द बॅग डाउन’. ‘यू’ला ‘ही-हिम’सारखी दोन रूपं नाहीत आणि ‘पुट’चा पास्टही ‘पुट’च, म्हणजे ही ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट आहे का ‘दॅट’ गाळलेलं नाऊन क्लॉज, कागदावर सांगताच येत नाही. ‘यू’च्या जागी ‘हर’ टाकायचं का ‘शी’, तिथे तुम्हालाच ठरवावं लागतं.

बाकी क्रियापदांचं भराभर सांगतो. ‘वॉच’ला ‘दॅट’ लागत नाही, ‘आय वॉच्ड दॅट ही लेफ्ट’ चूक, बघत राहण्यातून माहिती निघत नाही, ‘आय वॉच्ड हिम लीव्ह’ म्हणायचं. पण त्याचं ‘टू’वालं पॅसिव्हही होत नाही, ‘वॉज वॉच्ड टू लीव्ह’ असं कुणी म्हणत नाही. ‘लुक ॲट’ आणि ‘लिसन टू’ पण ‘दॅट’ घेत नाहीत, ‘लिसन टू हर सिंग’ किंवा ‘सिंगिंग’. ‘नोटिस’ आणि ‘ऑब्झर्व्ह’ दोन्हीकडे चालतात, फक्त ‘ऑब्झर्व्ह दॅट’चा एक अर्थ ‘असं मत नोंदवलं’ असाही आहे, जजमेंटमध्ये ‘द कोर्ट ऑब्झर्व्ह्ड दॅट’ येतं तेव्हा कोर्टाने काही डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, तिथे ‘पाहिले’ असं भाषांतर केलेलं मी वाचलंय. ‘कॅच’ला फक्त ‘-इंग’, ‘कॉट हिम कॉपिंग’, रंगेहाथ पकडणं म्हणजे चालू असतानाच पकडणं. ‘स्मेल’लाही ‘-इंग’च, ‘आय स्मेल समथिंग बर्निंग’, कारण करपण्याचा वास येतो तेव्हा ते करपतच असतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत नाकाने कुणी बघत बसत नाही.